हरभरा सोंगणीआधी औलीला: विदर्भातल्या गावातून स्कीइंगच्या सहलीची आखणी

तूर मळून झाली, कापसाची मोठी वेचणी उरकली आणि हरभरा अजून घाट्यांवर आहे, अशी पंधरा-वीस दिवसांची फट विदर्भातल्या बहुतेक गावांत जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पडते. उत्तराखंडातल्या औलीच्या उतारांवर बर्फ सर्वांत भरवशाचा असतो तोही याच दिवसांत. हा योग जुळतो म्हणूनच यवतमाळ, वर्धा किंवा चंद्रपूरच्या खेड्यातल्या माणसाला स्कीइंगचा विचार करता येतो. मात्र आखणी गावाकडच्या हिशोबानं करावी लागते. पुण्या-मुंबईच्या पर्यटकासाठी लिहिलेली पाच दिवसांची यादी आपल्या कामाची नाही.

आपल्यातही पिकाप्रमाणे तारीख बदलते. वरुड-मोर्शीकडे मृग बहाराची संत्री असतील तर फेब्रुवारीत तोडणी सुरू होते. त्यांनी जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरावा. गोंदिया-भंडाऱ्यात उन्हाळी धानाची रोवणी असेल तर तीच गोष्ट. डिसेंबरची शेवटची आठवडाभराची सुट्टी मात्र कोणीच धरू नये. तेव्हा बर्फाची खात्री कमी असते आणि दिल्लीकरांची गर्दी सर्वांत जास्त. २६ जानेवारीला जोडून येणारे दिवसही टाळा. शिकण्याचे दिवस शक्यतो सोमवार ते शुक्रवार ठेवा; त्या दिवसांत औली खरोखर शांत असतं.

औलीच का

गुलमर्गचे उतार मोठे आणि बर्फ उत्तम, पण तिथला गोंडोला (तारेवरून चालणारा बंद पाळणा) जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो. वरचा भाग हा सरावलेल्यांचा प्रदेश आहे, हिमस्खलनाचा धोकाही तिथेच. मनालीजवळच्या सोलांगला फोटो काढणाऱ्यांची एवढी झुंबड असते की नवशिक्याला सरळ घसरायला मोकळी पट्टी मिळत नाही. हिमाचलातलं नारकंडा शांत आहे, पण उतार लहान आणि बर्फ लहरी. औलीचे उतार सुमारे २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर पसरलेले आहेत, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथे झाल्या, आणि समोर ७,८१६ मीटरचं नंदादेवी दिसतं. शिकवण्याची सोयही जुनी आहे: गढवाल मंडल विकास निगम इथे ७ आणि १४ दिवसांचे स्कीइंगचे वर्ग चालवतं, शिवाय स्थानिक खासगी प्रशिक्षक असतात.

उणी बाजूही ऐकून घ्या. औलीला बर्फ दरवर्षी सारखा पडत नाही. कृत्रिम बर्फासाठी वर तलाव बांधलेला आहे, तरीही बर्फाअभावी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे पैसे भरण्याआधी ‘बर्फ कमी पडला तर वर्ग पुढे ढकलता येतो का, पैसे परत मिळतात का’ हा प्रश्न पहिला. उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी किंवा मोबाइलवर संदेशात घ्या.

हवामानाचा एक अंदाज आपल्याला घरबसल्या येतो. हिमालयात हिवाळ्यात बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारे पाऊस-बर्फाचे पट्टे. त्यांच्याच प्रभावाने फेब्रुवारीत विदर्भावर ढग येतात आणि कधी गारपीट होते. गावात अवकाळीचा इशारा लागला की दोन-तीन दिवस देहरादूनच्या हवामान केंद्राचा चमोली जिल्ह्याचा अंदाज बघत राहा. विक्षोभ येऊन गेल्यावरचे चार-पाच दिवस म्हणजे ताजा बर्फ आणि निळं आकाश. विक्षोभ चालू असताना मात्र डोंगरातल्या रस्त्यावर असू नये.

दिवस मोजा, मग पैसे

बहुतेक सहली फसतात त्या इथेच. दहा दिवसांची रजा काढली तर त्यातले सहा-सात दिवस प्रवासात जातात, आणि स्की (बुटाला अडकवायच्या लांब, अरुंद फळ्या) पायाला सवयीची होते तीच तिसऱ्या दिवशी. म्हणून उलटा हिशोब करा: बर्फावर किमान पाच दिवस हवेत, बाकीचं त्याभोवती बसवा.

पहिल्या दिवशी गावाहून नागपूर, सेवाग्राम, बल्लारशा किंवा गोंदियाला येऊन दिल्लीची गाडी. नागपूर ते दिल्ली जवळपास १,०९० किलोमीटर, सुपरफास्टला साधारण १४ ते १८ तास. गोंदियाकडच्यांना गोंडवाना एक्स्प्रेस थेट निजामुद्दीनला नेते. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून हरिद्वार, चार-पाच तास. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून संध्याकाळी जोशीमठ. चौथा दिवस जोशीमठातच सवयीचा आणि सामान मापून घेण्याचा, दुपारनंतर औली. पाचवा ते नववा स्कीइंग. दहाव्याला खाली उतरून ऋषिकेश किंवा हरिद्वार. अकरावा दिवस मोकळा. बाराव्याला दिल्ली, तेराव्याला घर. सात दिवसांचा वर्ग घेतला तर आणखी दोन दिवस.

तो अकरावा मोकळा दिवस कापू नका. हिमवृष्टीनं औली-जोशीमठ रस्ता एक-दोन दिवस अडणं नवीन नाही. परतीचं आरक्षण अगदी बेतून केलेलं असलं की लोक धोका पत्करून उतरायला बघतात.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट डिसेंबरच्या सुरुवातीला काढायचं, ऐन कापसाच्या वेचणीत. ती तारीख आधीच कॅलेंडरवर गोल करून ठेवा. जानेवारीत उत्तर भारतात दाट धुकं असतं, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, आणि दिल्लीत उतरण्याचं आणि हरिद्वारची गाडी पकडण्याचं स्टेशन बहुधा वेगळं असतं. दोन गाड्यांत किमान सहा तास ठेवा, नाहीतर दिल्लीत मुक्काम करा.

हरिद्वार ते जोशीमठ

ऋषिकेशपासून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर. नकाशा बघून पाच तासांचा अंदाज बांधू नका. नऊ ते अकरा तास लागतात. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, चमोली, पिपलकोटी असा रस्ता अलकनंदेच्या काठाकाठानं चढतो. गंमत म्हणजे या रस्त्याचा आजचा क्रमांक राष्ट्रीय महामार्ग ७. हिंगणघाट-पांढरकवड्याच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून असलेला ‘सात नंबर’ आता ४४ झाला आणि ७ हा आकडा बद्रीनाथकडे गेला. या रस्त्यावर आपल्याकडच्या सातसारखा वेग मात्र मिळत नाही.

डोंगरात रात्रीची वाहतूक नसते, म्हणून जोशीमठच्या बसेस हरिद्वार-ऋषिकेशहून पहाटेच सुटतात. गढवाल मोटर ओनर्स युनियनच्या बसेस स्वस्त पडतात. सहा-सात जण असाल तर गाडी ठरवणं सोयीचं. ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट करा: गाडी औलीपर्यंत जाणार की जोशीमठपर्यंत, टायरला बांधायच्या साखळ्या आहेत का, आणि रस्ता बंद पडला तर मुक्कामाचे पैसे कोणाचे. मैदानी भागातला चालक घेऊन नागपूरहून स्वतःची गाडी नेण्याचा मोह होतो. बर्फ गोठलेल्या वळणावर ब्रेक मारण्याची सवय ज्याला नाही त्याच्या हाती गाडी देऊ नये, एवढंच.

वळणांनी उलटी होण्याची सवय असणाऱ्यांनी पुढची सीट घ्यावी, सकाळी तर्री-पोहे किंवा पुरी-भाजी टाळावी, आणि मळमळीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

जोशीमठचं अधिकृत नाव आता ज्योतिर्मठ आहे. पाट्यांवर दोन्ही दिसतील. गाव जवळपास १,९०० मीटरवर. २०२३ च्या जानेवारीत इथली जमीन खचली, आठशेहून अधिक घरांना तडे गेले आणि औलीचा चार किलोमीटरचा रोपवे बंद करण्यात आला. जुन्या माहितीत रोपवेची कौतुकं वाचायला मिळतात. त्यावर आखणी करू नका, साधारण १४-१५ किलोमीटरच्या रस्त्यानं जाण्याचाच हिशोब ठेवा. ताजा बर्फ पडला की शेवटचा टप्पा पायी चढावा लागतो, म्हणून सामान पाठीवर घेता येईल अशा पिशवीत भरा. चाकांची बॅग बर्फात ओढता येत नाही.

आणखी एक गैरसमज घरातल्या मोठ्यांचा असतो: ‘एवढं जातच आहोत तर बद्रीनाथही करू.’ हिवाळ्यात बद्रीनाथचे दरवाजे बंद असतात, ते एप्रिल-मेमध्ये उघडतात. त्या काळातली पूजा जोशीमठचं नृसिंह मंदिर आणि पांडुकेश्वर इथे होते. आई-बाबा सोबत असतील तर नृसिंह मंदिराचं दर्शन चौथ्या दिवशी सकाळी सहज होतं. औलीत त्यांच्यासाठी ८०० मीटरची चेअरलिफ्ट आहे. स्की न बांधताही वर जाऊन हिमशिखरं बघता येतात.

मुक्काम

शिकायचं असेल तर औलीतच राहा. जोशीमठात राहून रोज वर-खाली केलं तर गाडीची वाट बघण्यात सकाळचे दोन चांगले तास जातात. औलीतलं राहणं महाग आणि साधं असतं. रात्री तापमान शून्याखाली जातं, नळ गोठतात, गरम पाणी बादलीनं मिळतं आणि हिटरचे पैसे बहुधा वेगळे लागतात. खोली ठरवताना विचारा: अंथरुणात गरम चादर आहे का, वीज गेली तर जनरेटर किती तास चालतो, उतारापर्यंत पायी किती वेळ.

खोलीत कोळशाची शेगडी घेऊन दारं-खिडक्या लावून झोपू नका. आपल्याकडे शेकोटी अंगणात असते, घराला कवेलू असतात, धूर निघून जातो. तिथल्या बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, आणि झोपेतच माणूस जातो. थंडीनं मरण्यापेक्षा हा धोका आपल्या माणसांना जास्त खरा आहे.

रोख पैसे जोशीमठात उतरताच काढून ठेवा. वर नेटवर्क गेलं की मोबाइलनं पैसे देणंही थांबतं.

आधी तब्येत, त्यातही सिकलसेल

औलीची उंची चिखलदऱ्याच्या अडीचपट आहे. २,५०० मीटरच्या वर काहींना उंचीचा त्रास होतो: डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं. जोशीमठातली एक रात्र त्यासाठीच आहे. वर गेल्यावर डोकेदुखी वाढत गेली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर दुसरा विचार नको, खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरला विचारूनच.

विदर्भातून जाणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची तपासणी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि मेळघाटात हा आजार बराच आढळतो, आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊक नसतं. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, म्हणजे अहवालात एसएस लिहिलं आहे, त्यांनी या सहलीला जाऊ नये. थंडी, कमी प्राणवायू, शरीरातलं पाणी कमी होणं आणि दमछाक या चारही गोष्टी त्यांच्या रक्तपेशींना वाकवणाऱ्या आहेत. वाहक, म्हणजे एएस, रोजच्या जगण्यात निरोगी असतात. पण उंचीवर कष्ट करताना त्यांच्या प्लीहेचा (डाव्या बरगडीखालच्या अवयवाचा) रक्तपुरवठा अडल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. वाहकानं डॉक्टरला विचारून जावं, भरपूर पाणी प्यावं, आणि डाव्या बरगडीखाली जोरात दुखू लागलं तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून थांबू नये. साधी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. निघायच्या दोन महिने आधी करा, म्हणजे पक्क्या तपासणीचा अहवाल यायला वेळ मिळतो.

रक्तदाब, हृदयविकार, दमा, गरोदरपण किंवा गुडघ्याची जुनी दुखापत असेल तर तेही डॉक्टरसमोर ठेवा. विमा काढताना ‘साहसी खेळ’ आत धरले आहेत का ते वाचा. साध्या प्रवास विम्यात ते बहुधा वगळलेले असतात. जोशीमठात सामुदायिक आरोग्य केंद्र आहे. मोठ्या दुखापतीला मात्र श्रीनगरचं वैद्यकीय महाविद्यालय किंवा थेट ऋषिकेशचं एम्स गाठावं लागतं. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ तिथेही चालतो.

सहा आठवड्यांची पायांची तयारी

वावरात राबणारा माणूस दमसासात कमी नसतो, पण स्कीइंगमध्ये तासन्‌तास अर्धवट वाकलेल्या गुडघ्यांवर तोल धरायचा असतो. हे काम मांडीचं आहे. ती तयार नसेल तर दुपारी एकनंतर पाय थरथरतात, माणूस मागे रेलतो आणि तेव्हाच गुडघा मुरगळतो. दिवसाच्या शेवटी पडणं जास्त होतं ते यामुळेच.

आठवड्यातून चार दिवस पुरेत. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसा. सुरुवातीला ३० सेकंद तीनदा, सहाव्या आठवड्यापर्यंत ९० सेकंद. उठाबशा १५ च्या तीन फेऱ्या. एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, नंतर तेच डोळे मिटून. आणि उतार उतरणं. त्यासाठी तलावाच्या पाळीइतकी चांगली जागा नाही. पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव गावोगाव आहेत. इतरांना टेकडी आहेच. पाळीवर आडवं उभं राहून एकेक पाऊल वर टाकत चढा, मग तसंच आडवं उतरा. बर्फावर पहिल्या दिवशी हीच चाल स्की बांधून करायची असते. पाळ चढताना पायाचे चवडे बाहेर फाकवून बदकासारखं चालण्याचाही सराव करा, तीही चाल तिथे लागते.

कपडे: पांढरं सोनं घरी ठेवा

कापसाच्या मुलखातून जाणाऱ्याला हे सांगणं जिवावर येतं, पण बर्फावर सुती कपडा वैरी आहे. सूत घाम शोषतं आणि सोडत नाही. चेअरलिफ्टवर बसलं की तोच ओलावा गार पडतो. बनियनपासून मोज्यांपर्यंत अंगाला लागणारं सगळं लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं हवं. जीन्स तर अजिबातच नको, ओली होऊन लाकडासारखी ताठ होते.

तीन थर पुरतात. आत थर्मलचा जोड, मधे लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, वर पाणी न झिरपणारं जॅकेट आणि पॅन्ट. वरचा थर आणि गमबूट भाड्यानं मिळतात, विकत घ्यायची गरज नाही. विकत घ्यायच्या गोष्टी वेगळ्या: थर्मलचे दोन जोड, गुडघ्याखालपर्यंत येणारे लोकरी मोजे तीन जोड, पाणी न शिरणारे हातमोजे (विणलेले दहा मिनिटांत भिजतात), मानेची पट्टी, गडद गॉगल. दुपट्टा किंवा ओढणी मोकळी ठेवू नका, चेअरलिफ्टमध्ये अडकते. साडीवर स्की बांधता येत नाही; काकू-मावशींनी आधीच पॅन्टची सवय करून घ्यावी.

ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो. म्हणजे ऊन खालूनही लागतं. सनस्क्रीन एसपीएफ ५०, दर दोन तासांनी, आणि हनुवटीखाली व नाकपुड्यांच्या कडांनाही. मे महिन्याचं ऊन झेललेलं कातडं आहे म्हणून सोडून दिलं की दुसऱ्या दिवशी ओठ फाटलेले असतात. गॉगलशिवाय दिवस काढला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, ते हिमांधत्व.

खिशात गूळ-शेंगदाणे किंवा तिळाचा लाडू, पाण्याची बाटली जॅकेटच्या आत. थंडीत तहान जाणवत नाही, पण शरीर पाणी गमावतच असतं. बर्फ चघळू नका. दारूनं ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते.

बूट, स्की आणि बाइंडिंग

या तिन्हींत बूट सर्वांत महत्त्वाचा. त्याचं माप पायाच्या लांबीच्या सेंटिमीटरवर असतं. सात-आठ नंबर इथे चालत नाही. घरीच मोजून न्या: टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहा, सर्वांत लांब बोटासमोर खूण करा, दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. २६.५ सेंटिमीटर आलं तर २६.५ चा बूट. २६ आणि २६.५ चं बाहेरचं कवच बहुधा एकच असतं, हे लक्षात ठेवा.

बूट घालून सरळ उभं राहिलं की बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच उचलून बघा. ती आत उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. नवशिके नेहमी सैल बूट मागतात, कारण तो दुकानात मऊ वाटतो. सैल बुटात पाय वळतो पण स्की वळत नाही. दुसरीकडे, चपलेत वाढलेला पाय पसरट असतो, त्याला अरुंद बूट चावतो. ‘रुंद पायाचा द्या’ असं सांगा आणि खोलीत घेऊन जाण्याआधी दहा मिनिटं घालून उभे राहा.

मोजा एकच. थंडी वाजेल म्हणून दोन घातले की घडी पडते, फोड येतो, आणि रक्त दाबलं जाऊन पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची कड बुटात खोचू नका. बुटाच्या आत मोज्याशिवाय काही नको. खालचे बकल सैल, वरचे घट्ट, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा आवळा. रात्री आतलं अस्तर काढून वाळवा, हिटरला चिकटवून नव्हे.

नवशिक्याची स्की जमिनीवर उभी केली की छाती ते हनुवटीच्या दरम्यान यावी. काठी उलटी धरून टोकाजवळच्या चकतीखाली मूठ धरा. कोपर काटकोनात आलं की लांबी बरोबर.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडताना सोडणारा खटका. त्यावर एक आकडा असतो, तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून लावतात. आकडा जास्त लागला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळतो. कमी लागला तर वळणावर आपोआप निघते. म्हणून वजन खरं सांगा, आणि सोबतच्याशी स्कीची अदलाबदल करू नका. बूट अडकवण्याआधी तळाचा बर्फ काठीनं खरवडून काढा, मग आधी चवडा, नंतर टाच दाबा. खटक्याचा आवाज आला तरी पाय हलवून खात्री करा. नीट न बसलेली स्की सुटण्याचं सर्वांत सामान्य कारण तळाला चिकटलेला हा बर्फच आहे.

हेल्मेट भाड्यानं मागा. दिलं नाही तर दुसऱ्याकडे जा.

पहिले पाच दिवस

आधी उताराची रेघ ओळखा. टाकलेलं पाणी जिकडे वाहील ती दिशा. त्या रेघेत स्की ठेवली की ती पळते, आडवी ठेवली की थांबते. उताराला आडवी नांगरट करून माती अडवणाऱ्याला हे निराळं शिकवावं लागत नाही. बांध जसा समपातळीत, तशी थांबलेली स्की समपातळीत.

पहिला दिवस चालणं, आडवं चढणं, पडणं आणि उठणं यातच जातो, आणि तसाच जावा. पडायचं ते बाजूला, वरच्या अंगाला, कुल्ल्यावर. हात मागे टेकू नका, मनगट मोडतं. काठीचा पट्टा अंगठ्यात अडकवून पडलं तर अंगठ्याच्या सांध्याचा बंध (लिगामेंट) तुटू शकतो, म्हणून सुरुवातीला पट्टाच घालू नका. घसरत असताना उठायचा प्रयत्न नको, पूर्ण थांबा. मग दोन्ही स्की अंगाच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या करा, आणि वरच्या बाजूनं हात देऊन उठा. स्की उताराच्या रेघेत ठेवून उठणारा माणूस उठतो आणि लगेच पळतो.

दुसऱ्या दिवशी ब्रेक. स्कीची टोकं जवळ, शेपट्या दूर. बंडीच्या दोन दांड्या जुवाशी जवळ येतात आणि मागे फाकतात, अगदी तसं. टोकं एकमेकांवर चढू देऊ नका, मधे वीतभर अंतर ठेवा. टाचा बाहेर ढकलल्या की आतल्या कडा बर्फाला धरतात आणि वेग मरतो. नडगी सतत बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. वेग वाढला की माणूस घाबरून मागे रेलतो. मागे रेललं की स्कीच्या पुढच्या भागावरचं वजन जातं, ती ऐकेनाशी होते आणि वेग आणखी वाढतो. भीती वाटली की पुढे वाका, हे मनाविरुद्ध शिकावं लागतं.

तिसऱ्या दिवशी याच त्रिकोणात वळणं: उजवीकडे जायचं तर डाव्या पायावर भार, डावीकडे जायचं तर उजव्या. बहुतेकांची गाडी इथे रुळावर येते. चौथ्या दिवशी लिफ्ट. काठ्या एका हातात, बसताना स्कीची टोकं वर, उतरल्यावर थांबून न राहता बाजूला व्हा. मागची खुर्ची येतच असते. पाचव्या दिवशी लांब उतार, सलग वळणं. समांतर स्कीनं वळण्याची घाई नको, ते दुसऱ्या खेपेचं काम आहे.

सकाळी नऊच्या आधी उतार रात्रीच्या गोठणीनं काचेसारखा असतो, दुपारी तीननंतर ओला आणि जड. शिकण्याची वेळ दहा ते तीन. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर बर्फानं चोळू नका, शेकोटीवरही धरू नका, बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. कोपराला सोसेल अशा कोमट पाण्यात बुडवा.

उतारावर पुढच्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्यानं त्याला टाळायचं. थांबायचं ते कडेला, वळणाखाली किंवा मधोमध नाही. गमबुटानं स्कीइंगच्या उतारावरून चालू नका, पडलेले खड्डे रात्री गोठतात आणि सकाळी कोणाचा तरी पाय अडकतो.

शेवटच्या दिवशी भाड्याचं सामान परत करताना ठेव परत घ्या, आधीच काढलेले फोटो दाखवून. ओरखडे तुमच्या आधीचे होते हे सिद्ध करायला दुसरं काही उपयोगी पडत नाही. उतरल्यावर जोशीमठात एकदा गरम पाण्यानं अंघोळ करून मगच खालच्या प्रवासाला लागा. आखडलेल्या मांड्यांनी दहा तास गाडीत बसणं पहिल्या दिवसाच्या पडण्यापेक्षा जास्त दुखतं.